फाटकातून ओळखलेली गुळवेल

लोकांना झाडांची नावं सांगायची मला खोड आहे. लग्नाच्या मांडवात, ई-रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. कुणी एखाद्या पानाकडे बघून "ये कौन सा पौधा है" असं नुसतं पुटपुटलं, की माझ्या तोंडून नाव बाहेर पडलेलंच असतं. नवरा म्हणतो, "तुला कुणी विचारलं नाही तर तू स्वतःच विचारून घेशील." त्याचं खरं आहे. पंचवीस वर्षं मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या वर्गीकरणाचं काम करते आहे. माझी जागा हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात. दिवसभर लोखंडी कपाटांच्या सहवासात राहणाऱ्या बाईला बाहेर कुणी काही विचारलं की हुरूप येणारच.

हर्बेरियमच्या आत मात्र मी महाकंजूष. फूल किंवा फळ नसेल तर पूर्ण नाव देत नाही. नुसती पानं आणली तर कुळ सांगते आणि पुढची जागा कोरी सोडते. औषधनिर्माण कॉलेजातली मुलं-मुली त्यांच्या प्रकल्पासाठी प्रमाणपत्र मागायला येतात आणि माझ्यावर वैतागून परत जातात. एकदा एका मुलीनं डबीत हिरवट पूड आणली होती. ही पूड अमुक वनस्पतीची आहे असं लिहून द्या म्हणे. मी म्हटलं, "अगं, पूड बघून मी काय सांगू?" मराठी तिला कळलं नसावं, पण स्वर कळला. ती म्हणाली, "मैम, नाम तो हमें पता है. सिर्फ मोहर चाहिए." मी तिला अशी काही झापली की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

शेजारच्या खोलीत नवी यंत्रं आहेत. डीएनए काढणारी तरुण मंडळी तिथे बसतात. हुशार आहेत, कष्टाळू आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आमच्या खोलीबद्दल आहे. मी आले तेव्हा तिथे सहा टेबलं होती आणि सहाही टेबलांवर माणसं होती. गवतांचे वेगळे, नेच्यांच्या वेगळ्या, वेलींचे वेगळे. एकेक जण निवृत्त होत गेला आणि त्याच्यामागे त्याची जागा भरलीच गेली नाही. आता टेबलं सहाच आहेत, पाचांवर शीटांचे, म्हणजे वनस्पती चिकटवलेल्या त्या कागदांचे, गठ्ठे ठेवलेत. नवीन मुलं या विषयात येत नाहीत आणि मी त्यांना या म्हणतही नाही. नाव नीट ठरवायला कधी दोन वर्षं लागतात, आणि बढतीच्या मुलाखतीत त्या दोन वर्षांना कुणी हिंग लावून विचारत नाही. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं होतं, "आप लोग अभी भी नाम ही रख रहे हैं?" मी हसले. तेव्हा बोलायला हवं होतं.

वेलींचे सर माझे गुरू. जुन्या लखनौचे, बोलणं मऊ आणि कामात कमालीचे कडक. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात एक नियम शिकवला. शीटवर आधीच्या माणसानं लिहिलेलं नाव चुकीचं वाटलं तर ते खोडायचं नाही. त्याची चिठ्ठी काढायची नाही. आपल्या नावाची, आपल्या तारखेची नवी चिठ्ठी तिच्या शेजारी लावायची आणि आपल्या मते बरोबर असलेलं नाव तिथे लिहायचं. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येकाच्या चुका सहीसकट टांगलेल्या आहेत. माझ्याही सात-आठ आहेत. पहिल्यांदा सरांनी माझ्या चिठ्ठीशेजारी त्यांची लावली तेव्हा मी स्वच्छतागृहात जाऊन रडले होते. नंतर सवय झाली. कोण कुठे चुकलं आणि कुणी दुरुस्त केलं हे कुणालाही बघता येतं, म्हणून त्या कपाटांवर विश्वास ठेवता येतो. सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

आम्ही इंदिरा नगरमध्ये राहतो. आमच्या गल्लीत चौथ्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना आंटीजी म्हणते. घरात मुलगा आणि सून, दोघंही नोकरीवाले. कोविडच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जेव्हा घराघरांत काढे उकळत होते, तेव्हा आंटीजींनी कुठल्याशा रोपवाटिकेतून एक वेल आणून आपल्या कडुनिंबावर चढवली होती. लखनौत कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीला, म्हणजे इथल्या गिलोयला, मोठा मान. मी सकाळी दूध घेऊन परत येत होते. त्यांनी फाटकाच्या आतून हाक मारली, "बेटा, ज़रा देखना, यही गिलोय है ना?"

मी फाटकाबाहेरूनच बघितलं. हृदयाच्या आकाराची पानं, कोवळं गुळगुळीत खोड, वेढा घालायची तीच पद्धत. हातात दुधाच्या पिशव्या, तोंडावर मास्क. "हाँ आंटीजी, गिलोय ही है," मी म्हटलं आणि चालू पडले.

पाच सेकंद लागली असतील. फूल नाही, फळ नाही, पान हातात घेतलं नाही, खोड कापून बघितलं नाही. त्या पूडवाल्या मुलीला झापणारी ती मीच.

त्यानंतर वेल वाढली, कोविड ओसरला, मी विसरले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी आंटीजींची सून आमच्या दारात उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी, डोळे सुजलेले. आंटीजी पाच दिवसांपासून इस्पितळात होत्या. कावीळ झाली होती आणि उतरत नव्हती. नेहमीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, घरचं काही औषध घेतात का? तेव्हा सुनेला आठवलं, की गुडघ्यांसाठी म्हणून दोन महिने त्या रोज सकाळी गिलोयचा रस पितात, चांगला पेलाभर. डॉक्टरांनी सांगितलं, ती वेल नक्की कुठली आहे हे कुणाकडून तरी बघून आणा. "हमें तो बस आप ही याद आईं," सून म्हणाली.

मी पिशवी उघडली. आत बोटभर जाडीच्या खोडाचे तुकडे होते आणि त्या खोडांवर सगळीकडे मोहरीएवढे उंचवटे होते, अंगावर पुटकुळ्या याव्यात तसे. गुळवेलीचं खोड असं नसतं. ही तिची बहीण, त्याच वंशातली दुसरी जात. पानं जवळपास तशीच, आणि कोवळेपणी खोडही तसंच गुळगुळीत. वय वाढलं की उंचवटे येतात. हिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हे मला पाठ होतं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर मी पैकीच्या पैकी उत्तर लिहिलं असतं.

पिशवी घेऊन मी तडक संस्थेत गेले. सरांनी गोळा केलेली शीटं काढली. भिंगाखाली दोन्ही ठेवली. खात्री होतच होती, तरी डोक्यात भीती होती म्हणून शेजारच्या खोलीत गेले आणि म्हटलं, ताबडतोब डीएनए जुळवून द्या. तिथला तरुण भला मुलगा, त्यानं सगळं बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मैम, मैच तो दोनों नामों से आ रहा है." मी बघितलं तर जगभरच्या डीएनए-नोंदींच्या साठ्यात एकाच वेलीची माहिती कुणी या नावानं तर कुणी त्या नावानं भरून ठेवली होती. यंत्र बिचारं काय करणार? त्याला ज्यानं नाव सांगितलं त्याच्या भरवशावर ते चालतं. त्या कुणीतरीही माझ्यासारखं फाटकातूनच बघितलं असणार.

शेवटी सरांची शीटंच कामी आली. त्यांच्या त्या बारीक अक्षरातल्या टिपणात लिहिलं होतं, की कोवळ्या फांदीवर विसंबू नये, जून खोड बघावं. ते वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला आणि मी भिंग खाली ठेवलं. इतकं जवळ होतं ते. चार पावलांवरच्या कपाटात.

मी डॉक्टरांना लेखी कळवलं. त्यांचा फोन आला. वेलीमुळेच झालं असं ते ठामपणे म्हणेनात, पण नाव कळल्यानं पुढचे निर्णय सोपे झाले म्हणाले. मग म्हणाले, "मैडम, तीन जगह पूछा था. कोई बताने वाला ही नहीं मिला. आप जैसे लोग होने चाहिए." एरवी हे वाक्य मी मुलाखतीच्या कागदावर चिकटवलं असतं. तेव्हा नुसतं "जी" म्हटलं.

आंटीजी तीन आठवड्यांनी घरी आल्या. खूप खंगल्या होत्या, पण वाचल्या होत्या. सून रेवडीचा डबा घेऊन आली, माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वरच्या वर धरलं. "आपने मम्मीजी को बचा लिया," ती रडत म्हणाली. गल्लीत बातमी पसरली. समोरच्या घरातले कर्नल साहेब, जे एरवी माझ्या कामाला घासफूस म्हणतात, त्यांनी मला थांबवून अभिवादन केलं. मी डबा घेतला. हे सगळं मी घेतलं. मला स्वतःची किळस येत होती आणि तरी माझं तोंड उघडेना.

घरी सांगितलं. नवरा इंजिनिअर, मानक नगरला रेल्वेत. त्याचं म्हणणं, "अगं, तू पाच सेकंद बघून बोललीस. त्या काय तुझ्या एका शब्दावर प्यायल्या? रोपवाटिकेवाल्यानंही गिलोयच सांगितलं असेल की." मुलगी तर म्हणाली, "आई, छोड़ो ना यार. किसी को याद भी नहीं है."

हे दोघंही मला वाचवायला बघत होते, हे कळत होतं. पण किसी को याद नहीं, हीच तर भानगड. संस्थेत मी चुकले असते तर माझी चिठ्ठी शीटवर राहिली असती, शेजारी कुणीतरी त्याची लावली असती, आणि पुढच्याला दिसलं असतं. गल्लीत बोललेल्या नावाला चिठ्ठी नसते. ते नाव माझं आहे हे आमच्या घराबाहेर फक्त एका आजारी बाईला माहीत होतं, आणि तिलाही कदाचित आठवत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मी आंटीजींकडे गेले. त्या गच्चीत उन्हाला खाटेवर बसल्या होत्या, शाल गुंडाळून. मी प्रस्तावना वगैरे केली नाही. म्हटलं, "आंटीजी, वो बेल को गिलोय मैंने ही बोला था. फाटक से देख के. मेरी गलती है." माझं हिंदी रडताना कोल्हापूरकडे सरकतं, त्यातलं किती त्यांना कळलं कोण जाणे.

त्या शालीच्या काठाशी चाळा करत राहिल्या. माझी अपेक्षा होती, चिडतील. किंवा जाने दो बेटा म्हणतील. दोन्हीची मी तयारी करून आले होते.

"तो फिर बाकी सब का क्या?" त्या म्हणाल्या.

मला कळेना. "बाकी सब कौन?"

मग त्यांनी सांगितलं. वेल जोमानं वाढली तशा त्या फांद्या तोडून वाटत गेल्या. त्या दिवसांत सगळेच मागायचे. गुळवेलीची कांडी मातीत खोचली की जगते, हिचीही तशीच. आणि देताना प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, की अपनी गली वाली साइंटिस्ट ने देखी है, एकदम असली है. शिक्षिकेची शिस्त त्यांची, खात्री करून घेतल्याशिवाय दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. म्हणूनच तर मला हाक मारली होती.

त्या बोटांवर मोजू लागल्या. गल्लीतली पाच घरं. देवळाचे पुजारी. छावणीत राहणारी त्यांची भाची. भाजीवाला. त्यांची जुनी विद्यार्थिनी. मी पर्समधून कागद काढून लिहून घेऊ लागले. एका माणसाच्या यकृताचा प्रश्न आहे असं समजून मी आले होते.

पुढचे चार दिवस मी घरोघर फिरले. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, फाटकं वाजवणारी बाई म्हणून. खोड बघायचे, उंचवटे दाखवायचे, माझी चूक सांगायची, वेल उपटा म्हणायचे. दोघांनी लगेच उपटली. एकांकडे ती आधीच वाळून गेली होती. कर्नल साहेबांनी नीट ऐकून घेतलं, वेल माळ्याकरवी काढवली, आणि मग म्हणाले, "तो पहले वाली बात पक्की थी या अब वाली?" मला त्यांचा राग आला, पण प्रश्न रास्त होता. पुजारी म्हणाले, दीड वर्ष पितो आहे, मला काही झालं नाही, उलट सांधे हलके झाले. उपटायला तयारच होईनात. मी हात जोडले. "आप ही ने तो कहा था," ते शांतपणे म्हणाले. तिथून बाहेर पडून मी देवळाच्या पायरीवर पाच मिनिटं बसून राहिले.

भाजीवाल्याकडे कुंडी रिकामी होती. तो म्हणाला, "हमने तो गाँव भेज दी, मैडम. सीतापुर की तरफ. भाई ने लगाई है." त्याच्या भावानं ती शाळेच्या कुंपणावर लावली होती, सगळ्या गावाला घेता यावी म्हणून. भाजीवाल्याला त्यात अभिमान वाटत होता.

तिथेच उभ्या उभ्या त्यानं फोन लावून दिला. मागे शाळा सुटल्याचा गलका ऐकू येत होता. मी सावकाश, शुद्ध हिंदीत सांगायला सुरुवात केली. मी अमुक, लखनौहून बोलते आहे, मीच ती वेल बघितली होती. भाऊ अतिशय अदबीनं ऐकत होता. बेल बहुत अच्छी चल रही है, मैडम, म्हणाला. रोज कुणी ना कुणी नेतं. बाळंतिणीला देतात, तापात देतात.

"वो गिलोय नहीं है," मी म्हटलं.

त्यानं विचारलं, "फिर क्या है?"

आणि मला शब्द सापडेना. हिला हिंदीत वेगळं नावच नाही. रोपवाटिकेत, बाजारात, गावात ती गिलोय म्हणूनच फिरते. तिचं वेगळेपण सांगणारं नाव फक्त आमच्या कपाटांत आहे, लॅटिनमध्ये, आणि ते बाहेर कुणाला कळेल असं करणं हे कुणाचंच काम नव्हतं. माझंही नव्हतं, असं मी पंचवीस वर्षं धरून चालले होते. दुसरं काही सुचेना म्हणून मी ते लॅटिन नावच उच्चारलं. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं, अक्षर अक्षर तोडून.

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला, आणि फोन जरा दूर धरून तिथल्या कुणाला तरी मोठ्यानं सांगू लागला, "लखनऊ वाली मैडम हैं. गिलोय का अंग्रेज़ी नाम बता रही हैं. बोलो सबको, पक्की वाली है."

"अहो, नका देऊ कुणाला, पिऊ नका!" मी ओरडले. मराठीत. भाजीवाला माझ्याकडे बघत राहिला. मी स्वतःला सावरून हिंदीत तेच सांगायला लागेपर्यंत तिकडून फोन ठेवला गेला होता, आणि पुन्हा लावला तेव्हा उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, कैसरबागहून सुटणाऱ्या पहिल्या बसनं मी सीतापूरला निघाले.